किंचित निळसर

माझी मावशी मेलेल्या पक्ष्यांच्या चोची रंगवते. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "हो, पण नोकरी काय करतात?" हीच नोकरी. संग्रहालयाच्या तळघरात, एकाच टेबलापाशी, गेली एकतीस वर्षं.

पक्षी मेला तरी पिसांचा रंग टिकतो. चोच, पाय आणि डोळ्याभोवतीची कातडी मात्र थोड्याच दिवसांत वाळक्या पानासारखी होते. मग पेंढा भरलेल्या त्या पक्ष्याला मावशी केसाएवढ्या ब्रशने त्याचा रंग परत देते. समोर जिवंत पक्षी नसतो. पायाला बांधलेली एक चिठ्ठी असते, ज्याने पक्षी आणला त्याने लिहिलेली. 'पाय लिंबाच्या सालीसारखे.' 'चोच करडी, किंचित निळसर.' आता किंचित म्हणजे किती, ते मावशीने ठरवायचं.

लग्न तिने केलं नाही. कारण विचारलं की गाडी पक्ष्यांवर आणायची. "त्यांचं बरं असतं. मादी पगार विचारत नाही, घर कोणाच्या नावावर ते विचारत नाही. चोच बघते. खाऊनपिऊन धडधाकट असेल त्याची चोच झळकते, आजाऱ्याची फिकट. थापा मारायची सोयच नाही." काळ्या-पिवळ्या विषारी बेडकाबद्दल तर ती आदरानेच बोलायची. "तो नुसत्या रंगाने सांगतो, मला तोंडात धराल तर पस्तावाल. आणि त्याचं ऐकतात गं! माझं कोण ऐकतं?" यावर आम्ही सगळे हसायचो. घरातल्या कुठल्याही कार्यक्रमात ती कोपऱ्यातली खुर्ची धरायची आणि सगळ्यांच्या आधी निघायची. तिला थांब म्हणावं, हे आम्हाला कधी सुचलं नाही.

निवृत्तीला चार महिने उरले असताना तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आईचे गुडघे कुरकुरत होते, म्हणून सोबतीला मला धाडलं. पट्टी निघाल्यावर तिला खोलीवर सोडायला गेले, तर ती दारातच थबकली. एक डोळा हाताने झाकला, मग दुसरा.

"ही भिंत पांढरी आहे?"

"पहिल्यापासून."

"मला वाटायचं, सायीच्या रंगाची आहे." तिचा चेहरा एकदम उतरला. "चल, संग्रहालयात चल."

"अगं, डॉक्टरांनी आराम करायला सांगितलंय."

"डॉक्टरांना काय कळतंय चोचीतलं!"

पक्ष्यांच्या दालनात चिटपाखरू नव्हतं, म्हणजे जिवंत. मावशी एकेका काचेसमोर उभी राहायची, डावा डोळा झाकायची, उघडायची, पुढे सरकायची. लिंबाच्या सालीसारखे असायला हवे होते ते पाय हळदीत बुडवून काढल्यासारखे दिसत होते. शेवटी ती बदकांच्या एका जोडीपाशी थांबली आणि हललीच नाही.

"विणीच्या हंगामात नराची चोच आभाळासारखी निळी होते," ती म्हणाली. "ती बघूनच मादी ठरवते. मादीची स्वतःची चोच करडीच राहते. चिठ्ठीत किंचित निळसर लिहिलं होतं. मला निळं दिसेना, म्हणून घालत गेले. दिसेपर्यंत घालत गेले." मादीची चोच शाईच्या दौतीसारखी निळीभोर झाली होती. "हिला मी नर करून ठेवलं गं."

डोळ्यात पिवळट पडदा चढत होता आणि तिला पत्ता नव्हता. सात वर्षं, त्रेचाळीस पक्षी.

ती तशीच साहेबांकडे गेली. जिना चढताना वाक्यं पुटपुटत होती. एकतीस वर्षांचं काम पाण्यात गेलं, असंच तिच्या मनाने घेतलं होतं. साहेब तिच्याहून वयाने लहान, माणूस सज्जन. सगळं ऐकून म्हणाले, "बाई, कशाला एवढं मनाला लावून घेता? सात वर्षांत एक तक्रार नाही. कोणाच्या लक्षातसुद्धा आलेलं नाही. हवं तर पुन्हा रंगवा, नाहीतर राहू द्या."

बिचारे चांगल्या मनाने बोलले. त्यापेक्षा रागावले असते तर परवडलं असतं.

"लक्षातसुद्धा आलेलं नाही," जिना उतरताना मावशी दोनदा म्हणाली.

तळघरात तिने ती बदकी पुढ्यात घेतली आणि औषधात भिजवलेल्या कापसाने चोचीवरचा रंग पुसायला लागली. मी समोरच्या स्टुलावर बसले. कापसावर निळं उतरतच होतं. मान वर न करता तिने विचारलं, "तू दर वर्षी यायचीस ना इथे? खरं सांग, तुला काही दिसलं होतं?"

पक्ष्यांचं नव्हतं दिसलं. यायचे आणि मोबाईल बघत बसायचे. पण खरं सांग म्हणाली होती, म्हणून सांगून टाकलं. दोन वर्षांपूर्वी ती आमच्याकडे जेवायला आली होती तेव्हा तिच्या एका पायात निळा मोजा होता आणि दुसऱ्यात हिरवा. आम्हाला सगळ्यांना दिसला. ती गेल्यावर आम्ही पोट धरधरून हसलो. डोळे तपासून घे, एवढं मात्र एकानेही म्हटलं नाही.

कापूस थांबला. आता बोलणी बसणार, असं मला वाटलं. बसायलाच हवी होती.

"कोण कोण होतं?" तिने विचारलं.

"आई, दादा, वहिनी. आणि मी."

"चौघांनाही दिसलं?"

"हो."

"टेबलाखाली? पायातले मोजे?"

"हो गं, मावशी."

तिने निळा झालेला बोळा बाजूला टाकला. मग कापसाचा नवा बोळा घेतला आणि म्हणाली, "मला वाटायचं, माझ्याकडे कोणी बघतच नाही."

आणि खोटं नाही सांगत, ती खूश झाली होती. मला तिच्याकडे बघवेना.