चपला नारळाखाली

पाणी कमरेपर्यंत आलं होतं आणि मला पाऊल टाकता येत नव्हतं. खाली पोवळ्याचा खडक, सुरीसारखा. तळपाय फाटले होते. फोन मी डोक्यावर धरला होता. किनारा समोर होता. नारळाच्या बुंध्याशी माझ्या चपलाही दिसत होत्या, शेजारीशेजारी. मीच काढून ठेवलेल्या.

वडील पुजारी होते. लहानपणी आम्हा बहिणींना ग्वाल्हेरजवळच्या तिघरा धरणावर न्यायचे आणि बजावायचे, "चपला घालून पाण्यात जायचं नाही. पाणी देव आहे." उभा जन्म ते पाळलं, अंदमानातही पाळलं. भरतीचं मात्र ते काही बोलले नव्हते. त्यांना तरी कुठे माहीत? ग्वाल्हेरात पाणी येतं-जातं ते नळाला.

यजमान गेल्यावर मुलाने पोर्ट ब्लेअरला बोलावून घेतलं. त्याची नोकरी तिथे. स्टेशनवर धाकटी बहीण शालू आली, बेसनाच्या वड्यांचा डबा घेऊन. रडली नाही. म्हणाली, "अक्का, रोज एक फोटो धाड. नाही आला तर मेलीस समजेन आणि तेरावं घालीन."

"जेवायला कोणाला बोलावशील?" मी विचारलं.

तेवढ्यात गाडी हलली. यादी राहूनच गेली.

म्हणून हे फोटो. माझी शाळा चौथीपर्यंत. लिहिण्यापेक्षा बटण दाबणं सोपं. सून नीताने शिकवलं. दोरीवरच्या ओल्या साडीवर बसलेला हिरवा सरडा काढला. मासळीबाजारात मासे सोडून झोपलेलं मांजर काढलं. शंख पाठीवर घेऊन आमची पायरी चढणारा खेकडा तर कितीदा. सगळं बिऱ्हाड पाठीवर, आणि घाई कसलीच नाही.

ओहोटीला समुद्र मागे सरतो. खडकात वाटी-वाटीएवढं पाणी उरतं, त्यात नखाएवढे निळे मासे. वाकून पाहिलं की पाण्यात आपलं तोंड दिसतं, मागे आभाळ, आणि त्या तोंडातून मासे ये-जा करतात. आवाज कसला नाही. आपण म्हातारे आहोत की लहान, ग्वाल्हेरात आहोत की इथे, काही कळत नाही. वेळही कळत नाही. त्या दिवशी नाहीच कळला, आणि भरती चढली.

नीता मला शोधत आली. ग्वाल्हेरच्या नया बाजारातली पोर, पोहणं तिलाही येत नाही. पायांत बूट, हातात माझ्या चपला, तशीच थेट पाण्यात शिरली.

"आई, पहिले चप्पल घाला!"

"पाण्यात?"

"देवाची माफी बाद में माँगना! पाय उचला."

मी तिचा खांदा धरून पाय उचलला. तिने पाण्याखाली चाचपत चप्पल चढवली, पट्टा ओढला. मग दुसरी. तेवढ्यात एक लाट दोघींच्या डोक्यावरून गेली. नीता खोकली, पण माझा हात तिने सोडला नाही. मग तिला धरून, चपला घालून, मी देवावरून चालत किनाऱ्याला आले.

त्या दिवशी शालूला नीताच्या फोनवरून माझ्या पट्टी बांधलेल्या पायांचा फोटो गेला. उत्तर आलं, "पाय पाहिलेत तुझे. समुद्र दाखव."

या थंडीत मी ग्वाल्हेरला शालूकडे आले आहे. बायका विचारतात, घर आता कुठलं म्हणायचं? पहाटे गच्चीवर जाते. सगळीकडे धुकं असतं. ते हळूहळू उतरतं आणि किल्ला ओहोटीतल्या खडकासारखा वर येतो. त्याचा फोटो काढून नीताला पाठवते. इथून रोजचा फोटो तिला लागतो. उशीर झाला की फोन करते. काल तिने विचारलं, "चप्पल घातली आहे ना?"

घातली होती.

त्या दिवशी खडकावर आम्ही दोघी होतो, मी आणि नीता. दोघी जगलो.