वहिनींच्या लॅपटॉपची किल्ली

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीही नाही — आणि तिला तर मी ऑफिसात कुणाच्या डब्यात काय होतं इथपर्यंत सांगत असतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या बिबवेवाडीच्या घरी जेवायला येणार नाही. वहिनींच्या हातचं वरण तुम्हाला वाढून घ्यायचं नाही. मला रोज घ्यावं लागतं.

आधी घरातली माझी जागा सांगतो. मी हिंजवडीत नोकरी करतो, म्हणजे घरच्यांच्या मते मला वायफाय, मिक्सर, आईचा मोबाइल, सोसायटीचा कॅमेरा — सगळ्यातलं सगळं कळतं. कंपनीत मला कुणी काही विचारत नाही. घरी मात्र मी बृहस्पती. खरं सांगू? मला ते आवडायचं. फारच आवडायचं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी., मग लग्न, मग मुलं, मग माझ्या आईचं दुखणं — हे सगळं उरकल्यावर चाळिशीत त्यांनी पीएच.डी.ला नाव घातलं. विषय काय, तर मांजरी गावाकडच्या उसाच्या बांधांवरचं तण. लव्हाळा, केना, आघाडा, दुधाणी — कुठल्या बांधावर काय उगवतं, आणि शेजारी बांधकाम आलं की त्यातलं काय नाहीसं होतं. आमच्या घरी यावर काय काय बोललं गेलं असेल ते पुणेकराला वेगळं सांगायला नको. दादा म्हणायचा, "गवतावर डॉक्टरेट? मग आपल्या कुंड्यांना निदान पदवी तरी द्या." सगळे हसायचे. वहिनीही हसायच्या, आणि शनिवारी सकाळी टोपी घालून मांजरीची बस पकडायच्या. अशी काही वर्षं गेली.

नोंदी वहिनी आधी कागदावर करायच्या. मीच म्हटलं, अहो वहिनी, कागद कसले सांभाळता. मीच तक्ते करून दिले, फोटो लॅपटॉपवर टाकून मोबाइल मोकळा करायला मीच शिकवलं. कागद रद्दीत गेले. दुसरी प्रत कुठेतरी ठेवायला हवी हे मला ठाऊक नव्हतं का? माझं पोटच त्यावर चालतं. करू एकदा निवांत, असं म्हणत राहिलो.

मग ते लिनक्सचं झालं. लॅपटॉप हळू चालतो, एवढंच वहिनी म्हणाल्या होत्या. लिनक्स हवं असं कुणीच म्हटलं नव्हतं. पण त्या दिवसांत मला त्याचं खूळ लागलं होतं. विंडोज आहे तसं राहील, शेजारी दुसरी सिस्टीम बसवतो, चालू करताना हवी ती निवडा — एका घरात दोन बिऱ्हाडं, असं समजावलं. "काही जाणार नाही ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मी आहे ना."

रविवारी जेवणं झाल्यावर टेबलावर मांडामांड केली. इन्स्टॉल करायला घेतलं तर त्याला डिस्कच दिसेना. शहाण्या माणसाने तिथेच थांबावं. मी नेटवर शोधत बसलो. कुणी म्हणे ही सेटिंग बंद करा, कुणी म्हणे ती बदला — मी एकेक करत गेलो. शेवटी सुरक्षेच्या चिपमधलं सगळं पुसू का, असं लॅपटॉपने विचारलं आणि मी — नीट वाचलंही नाही — हो म्हटलं. पुन्हा चालू केला तर निळा पडदा. डिस्कला कुलूप आहे, किल्ली द्या. किल्ली म्हणजे आकड्यांची लांबलचक ओळ. हे कुलूप नव्या लॅपटॉपला आपोआप लागतं, आणि किल्ली मालकाच्या ऑनलाइन खात्यात जाऊन बसते. वहिनींच्या खात्यात पाहिलं. नव्हती.

दादा सोफ्यावरून बघत होता. आई मधूनमधून विचारत होती, झालं का रे. आणि मी काय केलं? डिस्क गेली, असं ठोकून दिलं. एवढ्यावर थांबलो असतो तरी — पण नाही. वहिनींकडे वळून विचारलं, "काल अपडेट चालू असताना लॅपटॉप मिटला होता का तुम्ही?" स्वयंपाकघरात जाताना त्या नेहमीच मिटायच्या. सगळेच मिटतात. त्यांचा चेहरा उतरला. "मिटला असेल हो," म्हणाल्या, "कुकर लावायला उठले होते." त्यांच्या मिटण्याने काही झालेलं नाही, हे मला ते विचारतानाही माहीत होतं.

मी नवी डिस्क आणून बसवली. त्याचं कौतुकही करून घेतलं. जुनी माझ्या कपाटात टाकली. पीएच.डी.च्या गाईड बाई भल्या होत्या. पुन्हा पाहणी करा, मुदत वाढवून घेऊ, असं त्यांनी वहिनींना सांगितलं.

पुढे काही दिवसांनी दादाच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड अडला म्हणून मी माझं स्वतःचं खातं उघडलं. त्यात यादी असते — माझं मशीन, दादाचं, आणि खाली वहिनींचा लॅपटॉप. तेव्हा आठवलं. नवा आणला त्या दिवशी, तुम्हाला कटकट नको म्हणून मी तो माझ्याच खात्याने सुरू करून दिला होता. घरातलं सगळंच माझ्या खात्याने सुरू होतं — बृहस्पती ना मी. वहिनींचं खातं लॅपटॉपवर नंतर जोडलं. आणि त्यांच्या लॅपटॉपपुढे ती किल्ली होती. अख्खी.

घरात कुणी नव्हतं. मी जुनी डिस्क काढली, माझ्या मशीनला जोडली, आकडे घातले. उघडली. सगळं होतं. फोल्डरांना बांधांची नावं — विहिरीजवळचा, पाटाकडेचा, बाभळीचा. फोटोत प्रत्येक रोपाशेजारी मापाला पट्टी धरलेली, पट्टीवर वहिनींचा अंगठा, नखात माती.

आता वहिनी घरी आल्या की एक हाक मारायची होती — वहिनी, सापडलं. मग का नाही मारली? दादा विम्याचे दावे तपासतो. खोटं त्याला वासावरून कळतं. डिस्क गेली होती ना, असं त्याने विचारलं असतं. मग झाकण मिटल्याचं काय, असं विचारलं असतं. सगळ्यांसमोर मी उघडा पडलो असतो. म्हटलं, दोन दिवसांनी सांगू. मग म्हटलं, रविवारी. तो रविवार काही उगवला नाही.

वहिनी पुन्हा मांजरीला जाऊन आल्या. पाटाकडेचा बांध राहिलाच नव्हता. पत्रे ठोकलेले, आत खड्डा, बाहेर फ्लॅटची जाहिरात. बाभळीच्या बांधाचीही तीच गत. तिथे काय उगवत होतं, हे आता फक्त माझ्या कपाटात होतं. संध्याकाळी चहा गाळताना त्या म्हणाल्या, "माझ्याच हाताने गेलं, बोलू कुणाला?" मी कप घेतला आणि साखर कमी आहे म्हणालो. लाज वाटते सांगायला, पण एवढंच म्हणालो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी नाव काढून घेतलं. दादा म्हणाला, बरंच झालं, शनिवार तरी घरात दिसशील. त्याला खरोखर तसं वाटत होतं. वहिनींनी टोपी कुणाला तरी देऊन टाकली.

पण डिस्क राहिली होती. कपाट उघडलं की दिसायची. फेकायची भीती — कुणाच्या हाती लागली तर? तेव्हाही देता आली असती. गाईड बाई होत्या, नाव पुन्हा घालता आलं असतं. मी ती माझ्या मशीनमध्ये बसवली आणि तिच्यावर लिनक्स टाकलं. या वेळी काहीच अडलं नाही. सगळं पुसू का, असं त्याने याही वेळी विचारलं. मी नीट वाचलं, आणि हो म्हटलं.

वहिनी आता त्याच लॅपटॉपवर शिकवण्या घेतात. मुलांना पानं, मुळं, परागण शिकवतात, छान शिकवतात. शिकवणी संपली की झाकणावर हात ठेवून थांबतात. मी आतल्या खोलीत असलो तर तिथून हाक मारतात, "भाऊजी, आता मिटला तर चालेल ना?"

इतकी वर्षं रोज विचारतात. मी म्हणतो, "मिटा."