शेजारचं दुकान घ्यायचं नाही

मंगलच्या मुलीचा फोन सकाळी आला. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मी चपला घालून निघालेच होते, मंगलच्याच बिल्डिंगखाली. रोज तिथून दोघी फिरायला जायचो... महिना उलटला, पाय अजून तिकडेच वळतात.

आमची गाठ चंडीगढची. ती अमरावतीची, मी साताऱ्याची, दोघी एम. कॉम.ला, सेक्टर बावीसमध्ये एकाच भाड्याच्या खोलीत. पंजाबातले ते दिवस वाईट होते, अतिरेक्यांचे. उजेड आहे तोवर बस गाठायची, नाक्यानाक्यावर पिशव्या उघडून दाखवायच्या आणि घरी पत्रात 'इकडे सर्व ठीक' लिहायचं. छोटे दुकानदार हिशेब कसे ठेवतात, हा मंगलच्या प्रबंधाचा विषय. संशोधन कसं करायचं हे आम्हाला धड कुणी शिकवलं नव्हतं, पुस्तकं वाचून चाचपडत होतो. कोणती दुकानं घ्यायची हे ठरवायला नावांच्या चिठ्ठ्या तिनं लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घातल्या आणि मला डोळे मिटून काढायला लावल्या. निघालं ते निघालं, मागाहून बदलायचं नाही, असं पुस्तकात होतं. मंगलनं ते फारच मनावर घेतलं.

त्यात लांबच्या गावातलं एक कापडाचं दुकान निघालं. पहिल्या खेपेला तिथल्या सरदारजींनी चहा पाजला. "बेटी, आज जल्दी बंद करना है. अगले हफ्ते आओ, सब बताऊँगा." पुढच्या आठवड्यात गेलो तर शटर खाली. त्यांना दुकानातच गोळ्या घातल्या होत्या. शेजारचा भांडीवाला हलक्या आवाजात सांगत होता, सारखा रस्त्याकडे बघत.

"बगलवाली दुकान ले लो जी, क्या फर्क पड़ता है," आमचे सर म्हणाले. तक्त्यातली त्या दुकानाची ओळ रिकामी ठेवायची तर कारण लिहावं लागणार, आणि ते कारण त्यांना प्रबंधात नको होतं. त्यांनाही बायकापोरं होती. इकडे मंगलचं लग्न ठरलेलं; सही अडली तर आणखी एक वर्ष तिला मिळणार नव्हतं. मी चिडले. "शहाणपणा पुरे कर. भांडीवाल्याला चार प्रश्न विचार आणि मोकळी हो."

"काहून वं? तो का त्यायच्या जागी आहे?" ती म्हणाली.

तिनं कारण लिहिलं आणि ओळ रिकामी ठेवली. सरांनी सही केली नाही. मला डिग्री मिळाली, नोकरी लागली. तिचं लग्न झालं, प्रबंध राहिला तो राहिलाच. हुशारीत मी तिच्या पासंगालाही पुरले नसते, आणि ती जन्मभर नवऱ्याच्या औषधाच्या दुकानाचे हिशेब बघत बसली. मला त्याचं फार वाईट वाटायचं, अजून वाटतं. पस्तावलीस का, विचारलं की म्हणायची, "त्यायचा चहा पेलो होतो ना आपण..."

आता सगळे मला सांगतात, आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाई रोज फिरायला जातात, त्यांच्याबरोबर जात जा. बाई चांगल्या आहेत. परवा त्या फाटकाशी माझ्यासाठी थांबल्याही होत्या. मी त्यांना पुढे व्हा म्हटलं आणि मंगलच्या दाराशी जाऊन नेहमीसारखी बेल दाबली. मुलगी वडिलांना घेऊन आपल्या घरी परत गेली, इथे कुलूप आहे, हे मला ठाऊक होतं. थोडा वेळ थांबले आणि एकटीच फिरून आले.