हाका मारून बसलेला घसा

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींची थट्टा करणाऱ्यांपैकी आहे. मैत्रिणी असे किस्से सांगायला लागल्या की मी चहा टाकायला उठायचे. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय...

मुलुंड पूर्वेला आमचा टू बीएचके. बाथरूमवाली खोली आम्ही ॲपवरून पाहुण्यांना देतो. लोकांना वाटतं, घरबसल्या मजा आहे. मजा कसली! एका पाहुण्याने रिव्ह्यूत लिहिलं, ‘होस्ट सारखी दार वाजवते.’ फक्त चहा विचारला होता हो! घरी आलेल्या माणसाला चहासुद्धा विचारायचा नाही? पण तेव्हापासून कानाला खडा लावला — पाहुणा खोलीत असताना दाराला हात लावायचा नाही.

त्या दुपारी शिलाँगहून आलेली रिया आंघोळीला गेली. मी भाजी निवडत होते. गॅस गीझरचा आवाज थांबेचना. खिडकी उघडी ठेव असं तिला सांगितलं होतं. पण समोरची बिल्डिंग इतकी जवळ, की मुली काचा लावून घेतात. गीझर चालू आणि खिडकी बंद... आत विषारी वायू कोंडतो, माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो! धावत खोलीच्या दाराशी गेले, हात उचलला आणि थबकले. पुन्हा तो रिव्ह्यू आठवला! स्वतःचीच चीड आली.

तेवढ्यात आतून कडी निघाली. टॉवेल गुंडाळलेली रिया उंबऱ्यातच कोसळली. चेहरा पांढराफटक. गीझर बंद केला, तिला कपडे घातले, रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, “अजून थोडा वेळ आत राहिली असती तर...”

शुद्धीवर आल्यावर रिया म्हणाली, “आंटी, आपने कितना ज़ोर से बुलाया! तभी उठ पाई. ये ‘भायर’ मतलब क्या?”

“क्या?”

“‘भायर ये गो, भायर ये’... बार-बार.”

मी तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. आणि मी नाशिकची, मालवणी मला बोलताच येत नाही. आमच्याकडे तसं बोलणाऱ्या एकट्या माझ्या सासूबाई. त्या चांगल्या हयात आहेत, देवगडला असतात. ती खोली त्यांची. परक्यांना दिली म्हणून रागावून गावी गेल्या त्या गेल्याच; माझ्याशी अबोला.

दवाखान्याच्या पायरीवर बसून मी त्यांना फोन लावला. ‘हॅलो’ म्हणायच्या आत पलीकडून घोगरा आवाज आला —

“ता चेडू भायर इला मां?”

ती पोरगी बाहेर आली ना, असं त्या विचारत होत्या.

“आई... तुम्हाला कसं कळलं?”

त्या रडायलाच लागल्या. “म्हायत नाय गो. जरा आडवी पडललंय... हाका मारून मारून घसो बसलो माझो.”

नवरा म्हणतो, घाबरून मीच ओरडले असेन. असेलही. पण मग घसा आईंचा का बसला? आई आता रोज फोन करतात, आणि मी तो पहिल्या रिंगला उचलते.