मामाने आणलेला फ्रॉक

लातूर जिल्हा झाला आणि नवऱ्याची चाकूरहून तिथल्या कचेरीत बदली झाली. शहरात नव्या पाट्या, नवे साहेब. नळाला मात्र पाणी नाही. त्या दुष्काळात गल्लीतल्या बायका लेकरांना नायलॉन घालू लागल्या होत्या. त्यांना तरी नावं कशी ठेवू? सुती झबल्याला बादली लागायची, नायलॉनचा फ्रॉक तांब्याभर पाण्यात निघायचा आणि झटकला की वाळायचा.

मी मात्र लेकीला जुन्या धोतराची झबलीच घालायची. पोरगी कळकट दिसायची. "कचेरीतल्या माणसाची लेक अन् ध्यान बघा!" असं शेजारणी म्हणायच्या. म्हणू देत. चुलीतली ठिणगी एकदा माझ्या नायलॉनच्या पदरावर उडाली होती आणि वितळलेलं कापड मनगटाला चिकटलं होतं. ते सोलून काढताना मी काय भोगलं ते मलाच ठाऊक.

लेकीचं जावळ ठरलं. आमच्यात बाळाला मांडीवर घ्यायचा मान मामाचा, आणि नंतर अंगावर कपडे घालायचे तेही त्यानेच आणलेले. माझा धाकटा भाऊ नांदेडहून फ्रॉक घेऊन आला. गुलाबी, झालरीचा, मागे लांब पट्टा. नायलॉनचा.

मी शिवणीतला एक धागा ओढला आणि काडी पेटवून जवळ नेली. धागा आक्रसला, त्याचा थेंब फरशीवर पडला आणि काळा मणी होऊन तिथेच चिकटला.

भावाचा चेहरा उतरला. "आक्का, माझ्या आहेराला काडी लावलीस?"

नणंद तर कडाडलीच. "लेकराच्या कापडाला इस्तू दावू नये, वैनी! आता घालाच त्ये, न्हाई तर मामाचा जीव तळमळंल."

शकुन-अपशकुनाचा मला मनस्वी राग. पण भावाचे डोळे भरले होते. मी म्हटलं, घाला, पण जेवण होईपर्यंत पोरगी मांडीवरून उतरता कामा नये.

"हाव, न्हाई उतरू देत," तो म्हणाला.

टँकर आला नव्हता. रांजणातलं उरलंसुरलं पाणी जावळानंतरच्या तिच्या अंघोळीत संपलं. ओसरीत नणंद जमिनीवर स्टो ठेवून पुऱ्या तळत होती. भावाने पुढे आलेलं ताट घ्यायला हात लांबवला, तेवढ्यात मुंडण झालेली माझी पोर मांडीवरून निसटली. मी दारात दिसले म्हणून हसत माझ्याकडे धावली. आमच्या दोघींच्या मध्ये स्टो होता.

झालरीला निळसर जीभ लागलेली मी पाहिली. पाणी, पाणी म्हणून ओरडले. नणंदेने घागर उपडी केली, तीही रिकामी.

भाऊ माझ्याआधी पोचला. त्याने पेटती झालर मुठीत धरली आणि फ्रॉक टराटरा फाडून पोरीच्या अंगावेगळा केला. तिच्या पिंढरीवर छोटा डाग उठला, एवढंच. झालर मात्र त्याच्या तळव्यात घट्ट बसली.

"माझं र्‍हाऊ दे, पोरीला बघ आक्का," एवढंच तो म्हणाला.

मी काडी लावली म्हणूनच आग लागली, असं नणंद पुढे कित्येक वर्षं सांगत राहिली. मी तिच्याशी भांडण्यात तोंड शिणवलं नाही.

लेक शाळेत जायला लागली तेव्हा मामा कपडे घ्यायला आमच्याबरोबर बाजारात आला. दुकानदाराने एक चकचकीत तागा उलगडून त्याचं कौतुक सुरू केलं. भावाने कडेचा धागा दातांनी ओढला आणि खिशातून काडेपेटी काढली.

त्याच्या उजव्या हाताची बोटं पुरती मिटत नव्हती. काडी धरायचा त्याने एकदा प्रयत्न केला, मग पेटी माझ्यापुढे केली.

"तू लाव, आक्का."