बाद झालेली धवलारीण

पुतण्याच्या हळदीच्या दिवशी आम्ही तिला बाद केले. निकाल मी सांगितला.

ती सापगावची धवलारीण. आमच्यात लग्न ती लावायची, धवले गाऊन. नवरदेवाने चुळबुळ केली की पाठीत धपाटा बसे. “हलू नको रे, नवरा हायेस, वासरू नाय.” धवल्यात दोन्ही घरांच्या पूर्वजांची नावे गुंफावी लागतात. कोणाला पणजीचे नाव आठवले नाही, तर ती गाणे थांबवून त्याच्याकडे बघत राही आणि मग स्वतःच ते घेई. लिहिता-वाचता मात्र तिला येत नव्हते.

तुम्हीही टीव्हीवरचे ते गाण्याच्या स्पर्धांचे कार्यक्रम पाहिले असतील. गाणाऱ्याला घालूनपाडून बोलायचे, तो रडला की त्याचे तोंड जवळून दाखवायचे. तेव्हा अख्खी आळी ते बघायची. मांडीवर पुस्तक उघडे ठेवून मीही बघायचो. कोण बाद होणार ते मी आधीच ओळखायचो, आणि त्याचा मला अभिमान होता.

हळदीला पोरींनी मांडवात परीक्षकांच्या तीन खुर्च्या मांडल्या. मास्तर म्हणून मधली मला दिली. तिचा पहिला धवला झाला.

“आजी, सूर म्हशाच्या जत्रेत हरवला काय?” माझा चुलतभाऊ म्हणाला. मांडव हसला. मग सगळे माझ्याकडे वळले. मी टीव्हीवरच्यासारखा मुद्दाम थांबलो आणि म्हणालो, “आजी, तुमचा प्रवास इथंच संपला.”

टाळ्या पडल्या. तिच्या घरी टीव्ही नव्हता. तिने विचारले, “मंग मास्तर, उद्या लगीन कोन लावील?”

लोक आणखी हसले. कोणीतरी मोबाइल तिच्या तोंडाजवळ नेला. ही गंमत आहे, एवढेच मला सांगायचे होते. हसू ओसरेपर्यंत मी थांबलो. तोवर ती मांडवाबाहेर गेली होती.

लग्नाला ती आली नाही. आठवड्याने मी तिच्या घरी गेलो. तिने चहा दिला.

“आजी, ती चेष्टा होती.”

“शिकलेला मानूस चेष्टेत निकाल देत नाय.” मग हळू आवाजात म्हणाली, “खरा सांगा मास्तर, माजा सूर कवा गेला? मना कललाच नाय.”

सूर गेलेला नाही, हे मी परोपरीने सांगितले. आजाऱ्याला धीर देतात तसे मी बोलतो आहे, असे तिला वाटले. तिने आणखी चहा ओतला.

पुढे बोलावणी आली की ती सांगे, “मास्तरांनी बाद केलीय मना.” त्यात राग नसे. गेल्या थंडीत ती वारली. सुनेला धवले येत नाहीत.

गावात आता धवलारीण नाही. तो कार्यक्रम अजून लागतो. मी तो बघतो.