टोप, ॲल्युमिनियमचे

टोपवाल्या बाईंना प्रवासात राग यायला गाडी सुटावी लागत नाही. समोरच्या बाकावरून कुणी "तुम्ही काय करता?" एवढं विचारलं तरी पुरतं. प्रश्नाचा राग नाही. राग आहे तो उत्तरानंतर होणाऱ्या चेहऱ्यांचा. "मी टोप करते. केसांचे," असं बाई खणखणीत आवाजात सांगतात आणि ऐकणाऱ्याची नजर तडक त्यांच्या डोक्यावर जाऊन बसते. मग भीत भीत विचारणा होते की हे तुमचे स्वतःचेच ना? दातांच्या डॉक्टरला कुणी गाडीत आ करायला सांगत नाही, मग माझ्याच डोक्याची तपासणी कशाला, असा बाईंचा सवाल आहे. तो रास्तच आहे.

घरातही आनंदच आहे. सून बाहेर सांगते, सासूबाई ब्यूटीच्या लाइनमध्ये आहेत. मुलगा तिच्याहून धूर्त. तो "आईचं आपलं छोटंसं काहीतरी चालू असतं" म्हणून विषय हवापाण्यावर नेतो. दुकानाच्या मागच्या खोलीत पडदा ओढून, लाकडी डोक्यांच्या रांगेसमोर बसून बाईंनी जन्मभर जाळीवर एकेक केस गाठ मारून बसवला. त्यावर घर चाललं, हा मुलगा शिकला, आणि त्या कामाचं नाव घ्यायला त्याचीच जीभ वळत नाही. म्हणून बाई ते नाव स्वतः घेतात. जिथे तिथे, कुणी विचारलं नाही तरी.

मात्र एक नेम त्या कडक पाळतात. गिऱ्हाईक बाहेर भेटलं तर ओळख दाखवायची नाही. टोप घातलेला माणूस टोपवालीशी हसून बोलला की संपलंच. एका लग्नात त्यांनी सख्ख्या दिराकडेही बघितलं नव्हतं. त्यावरून जाऊ अजून रुसलेली आहे. बिचारीला कारण माहीत नाही.

तर बाई बहिणीकडे निघाल्या होत्या. समोर एक गोल चेहऱ्याच्या काकू, आणि त्यांच्या बॅगा वर चढवत पाठमोरे उभे असलेले एक गृहस्थ. काकूंनी गाडी हलायच्या आत आपली सगळी माहिती देऊन टाकली. मुलीचं लग्न ठरलंय, हे होणारे जावई, विम्याचं काम करतात, मुलीला सुट्टी मिळाली नाही म्हणून आम्ही दोघंच हॉल बघायला चाललोय. मग त्यांनी विचारलं आणि बाईंनी छाती काढून सांगितलं, "मी टोप करते."

तेवढ्यात जावई वळले. माणूस ओळखायच्या आधी बाईंनी भांग ओळखला. भांग त्यांच्याच हातचा होता. जावयांचा चेहरा पिठासारखा झाला आणि बाईंचा पुढचा शब्द तोंडातच राहिला.

"पितळेचे?" काकूंनी विचारलं.

बाई म्हणाल्या, "ॲल्युमिनियमचे."

झालं. काकूंना भांड्यांचा विषय मिळाला. हल्ली पत्रा किती पातळ, दूध कसं बुडाला लागतं, कान कसे हलायला लागतात, सगळं निघालं. सुईच्या टोकावर आयुष्य काढलेल्या बाई पत्र्याच्या जाडीवर मान डोलवत बसल्या. आतून त्या कुकरसारख्या तापल्या होत्या.

इथपर्यंतही चाललं असतं. पण धोका टळला म्हटल्यावर जावयांना कंठ फुटला. लग्नातल्या फोटोंचा विषय निघाला, काकू सहज म्हणाल्या की या वयात तुमचे केस छान आहेत. माणसाने नुसतं हसून सोडून द्यावं की नाही?

"आमच्या घराण्यातच आहेत," जावई म्हणाले. "नाहीतर लोक हल्ली नकली लावून फिरतात. फसवणूक हो ती! मला तर लांबून कळतं."

बाईंचे कान तापले. हाच माणूस त्यांच्या खोलीत पहिल्यांदा आरशात बघून हमसाहमशी रडला होता आणि बाईंनी त्याला दुकानातला धुतलेला टॉवेल दिला होता. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य जिभेवर येऊन उभंही राहिलं. ते गिळून बाई काकूंकडे वळल्या.

"टोपाचं कसं असतं," त्या म्हणाल्या, "लोक हौसेने नेतात आणि निगा राखत नाहीत. वेळच्या वेळी धुवा म्हणावं, तर धूत नाहीत. रात्री काढून ठेवा म्हणावं, तर तसेच झोपतात."

"टोप घेऊन?" काकू म्हणाल्या.

"ओट्यावर तसाच टाकून. आणि वर चारचौघांत त्याच टोपाला नावं ठेवतात."

जावयांचं लक्ष एकदम खिडकीबाहेर गेलं. हात मात्र सवयीने कानामागे चालला.

"आणि खरवडायचा तर मुळीच नाही," बाई कडाडल्या. हात खाली आला.

पुढचं स्टेशन येताच जावई चहा आणायला म्हणून पळालेच. काकू पुढे वाकल्या. "रागावू नका हो. मनाने फार चांगले आहेत. माझ्या पायाचं ऑपरेशन झालं तेव्हा रोज दवाखान्यात येऊन बसायचे. फक्त त्या टोपाबद्दल बोलायचं नाही, असं आम्ही घरात ठरवलंय. मुलीलाही माहीत आहे. तिची काही हरकत नाही."

बाईंना बरं वाटायला हवं होतं. पण त्यांच्या टोपाचा आजवर कुणाला पत्ता लागला नव्हता. "कळलं? कशावरून कळलं?"

"खाजवलं की सगळे केस एकदम सरकतात."

"चिकटपट्टी सैल लावतो तो! त्यात टोपाचा काय दोष?"

"काहीच नाही. टोप सुरेखच आहे," काकू घाईघाईने म्हणाल्या. "मघाशी तुम्हा दोघांची तोंडं बघितली, म्हटलं काहीतरी विचारायलाच हवं. पितळच आठवलं. पण त्यांना सांगू नका हं, लाजून मरतील."

म्हणजे आता गिऱ्हाइकाचं गुपित गिऱ्हाइकापासूनच राखायचं! जावयांनी आणलेला चहा बाईंनी एका दमात संपवला. जीभ भाजली. तोही राग जावयांच्याच खात्यावर गेला.

बाईंचं स्टेशन आलं. जावई त्यांची पिशवी घेऊन खाली उतरले आणि हळूच म्हणाले, "बाई, चुकलं माझं. काकूंना काही कळलं नाही ना?"

"माझ्या टोपाचं कुणाला कळतं का?" बाई फणकारल्या. "पट्टी नवीन लावा. आणि लग्नाआधी त्या मुलीला स्वतःच्या तोंडाने सांगा."

"ती नाही म्हणाली तर?"

उत्तर बाईंना ठाऊक होतं. ते त्यांनी दातांखाली दाबून धरलं. "सांगून तर बघा," एवढंच म्हणून त्यांनी पिशवी हिसकावून घेतली.

बहीण न्यायला आली होती. सुटणाऱ्या गाडीत चढणाऱ्या त्या माणसाकडे ती बघतच राहिली. "कोण गं तो? केस काय सुंदर आहेत त्याचे!"

बाई थबकल्या. मागे वळून बघायची फार इच्छा झाली.

"असतात एकेकाचे," त्या म्हणाल्या आणि चालू लागल्या.